आधी साच्यांची खोली बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यात दागिन्यांच्या डिझाइनचं शिक्षण घेतलंत, सध्या इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये आहात आणि तिथल्या चाळीस वर्षांहून जुन्या एका गॉथिक दागिन्यांच्या स्टुडिओने तुम्हाला नोकरी देऊ केली आहे. कवट्या, वटवाघळं, कावळे, काटेरी गुलाब, क्रूस असा माल, बहुतेक प्यूटरमध्ये ओतलेला. मालक दोघे, दोघांनीही साठी ओलांडलेली. मुलाखतीत त्यांनी पुढच्या पाच योजना सांगितल्या: चांदीची वेगळी मालिका, थ्रीडी प्रिंटिंग, थोडा माल आशियातून करून घेणं, घरसजावटीच्या वस्तू, आणि युरोप-अमेरिकेतली बसलेली विक्री पुन्हा उभी करणं. यात दम कशात आहे आणि नोकरी धरावी का, असं तुम्ही विचारलंय.

मी अंधेरीच्या सीप्झमध्ये, म्हणजे निर्यातीच्या कारखान्यांच्या वसाहतीत, दागिन्यांचे मेणाचे नमुने कोरायला लागलो आणि नंतर बर्मिंगहॅमच्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये साचे आणि ओतकाम यांवर वीसेक वर्षं काढली. त्यामुळे हे उत्तर ओतशाळेतून दिसतं तसं आहे, विक्रीवाला माणूस वेगळं सांगेल. मला खटकलं ते एवढंच की पाच योजनांमध्ये साच्यांच्या खोलीचा, म्हणजे मूळ नमुने आणि साचे ठेवतात त्या जागेचा, उल्लेखच नाही.

प्यूटर म्हणजे काय ते कल्हईवरून पटकन कळेल. पितळेच्या पातेल्याला आतून जो पांढरा लेप देतात ते कथील. त्यात थोडं अँटिमनी आणि थोडं तांबं घातलं की आजचं इंग्लिश प्यूटर तयार होतं. ९० टक्क्यांहून जास्त कथीलच. पूर्वी यात शिसं असायचं, आता दागिन्यात ते चालत नाही. शुद्ध कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे चांदीच्या मानाने फारच लवकर. म्हणून याला रबराचा साचा पुरतो.

काम असं चालतं. आधी मूळ नमुना कोरायचा, त्याला आम्ही मास्टर म्हणतो. रबराच्या दोन जाड चकत्यांमध्ये असे बरेच मास्टर गोलाकार मांडायचे आणि गरम दाबयंत्रात दीडशे अंशांच्या आसपास तासभर तरी भाजायचे. रबर पक्कं झालं की मास्टर काढून घ्यायचे, ठसे उरतात. मधल्या भोकापासून प्रत्येक ठशापर्यंत धातूच्या वाटा पात्याने कापायच्या, हवा निघायला बारीक चिरा द्यायच्या. मग साचा यंत्रात गरगर फिरत असताना पळीने मधोमध प्यूटर ओतायचं. ते बाहेर फेकलं जातं आणि कवटीच्या दातांच्या फटीपर्यंत पोचतं. काही मिनिटांत साचा उघडला की दहा-वीस नग हातात. वाया गेलेला धातू परत कढईत. १९७७ पासून लेस्टरमध्ये चालत आलेल्या अल्केमीसारख्या नावांचा पाया प्यूटरच आहे, कारण कॉलेजातल्या पोराच्या खिशाला परवडेल अशी कवटी दुसऱ्या कुठल्या धातूत एवढी बारीक निघत नाही.

पण रबर म्हातारं होतं. काहीशे वेळा ओतलं की कडा जळतात, खोल खाचांपाशी ते फाटतं. मग मास्टर काढायचा आणि नवा साचा करायचा. मास्टर जागेवर असला तर काहीच अडचण नाही. नसला तर माणूस सोपी वाट धरतो: दुकानातला तयार नग घेतो आणि त्याच्यावरून साचा करतो. खरं नुकसान इथे सुरू होतं.

हिशेब करून बघा. अंगठीचा आतला व्यास १८ मिलिमीटर. रबर आणि धातू मिळून दोन टक्के आकसले असं धरा. ०.३६ मिलिमीटर गेले. इंग्लंडच्या अंगठीमापात एका अक्षराचा फरक व्यासात सुमारे ०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे एकाच पिढीत जवळजवळ एक माप उडालं. गिऱ्हाईक वीस वर्षांनी तीच अंगठी पुन्हा मागवतं, ती बोटात जात नाही, आणि त्याला वाटतं आपलंच बोट सुजलं.

मी जिथे काम करत होतो तिथे एका कावळ्याच्या लॉकेटबद्दल तक्रारी यायला लागल्या, ‘पूर्वीसारखा दिसत नाही’ अशा. कोणी मनावर घेतलं नाही. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाने आपला कावळा कडी लावायला पाठवला, तो मी नव्याशेजारी ठेवला. जुना पन्नास मिलिमीटर, नवा सत्तेचाळीसच्या आत. पिसांच्या रेषा बुजलेल्या, चोच बोथट. मास्टर कधीतरी हरवला होता आणि तीन वेळा नगावरून नग काढला गेला होता. वजन कमी, धार कमी, किंमत मात्र वाढलेली. शेवटी त्या गिऱ्हाइकाच्याच कावळ्याची विनवणी करून त्याच्यावरून नवा मास्टर कोरला. गिऱ्हाइकाने कडीचे पैसे दिले नाहीत, आणि बरोबरच केलं.

तर सहावी, खरं म्हणजे पहिली योजना ही: मास्टर शोधून काढणं, प्रत्येकाला क्रमांक देणं, वजन-मापं लिहिणं, वरून-बाजूने फोटो काढणं, आणि महत्त्वाच्यांचं बारीक थ्रीडी स्कॅन करून ठेवणं. कोणता साचा कितव्या पिढीचा हे साच्याच्या कडेवरच कोरलेलं हवं. ज्या स्टुडिओत हजारभर डिझाइनं साठलीत तिथे हे दोन माणसांचं वर्ष-दीड वर्षाचं काम आहे. कंटाळवाणं आहे, त्याचा प्रदर्शनात फोटो लावता येत नाही, म्हणून ते ‘योजना’ म्हणून कोणाला सुचत नाही.

व्हिटबी तुमच्यापासून काही तासांवर आहे. ऑफर घेण्याआधी एकदा जाऊन या. यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या या गावात जेट मिळतो, म्हणजे सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या लाकडाचा काळाभोर अश्म. डिसेंबर १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेला, व्हिक्टोरिया राणीने सुतकी काळे दागिने धरले आणि सगळ्या देशाने धरले. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या एवढ्याशा गावात हजाराहून जास्त माणसं जेट घडवत होती. मग फॅशन उतरली, स्पेनचा ठिसूळ जेट आणि काळी काच स्वस्तात आली, आणि एका पिढीत धंदा बसला. पुढे एका पडक्या घराच्या पोटमाळ्यावर व्हिक्टोरियन काळातली अख्खी जेटची कार्यशाळा सापडली, चाकं-हत्यारांसकट. ती आता गावात मांडून ठेवली आहे. हत्यारं शंभर वर्षं टिकली, पण ती चालवणारे हात तोवर थोडेच उरले होते. १९९४ पासून त्याच गावात गॉथ लोकांचा, म्हणजे काळे कपडे आणि गूढ-उदास संगीत यांच्या चाहत्यांचा, मेळा भरतो आणि जेट पुन्हा विकला जातो. आजच्या कारागिरांपैकी कितीतरी जणांना जुन्या नगांकडे बघून हात बसवावा लागला आहे.

त्यापेक्षा जुनं उदाहरण बर्लिनचं. १८०४ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या राजेशाही ओतशाळेने लोखंडाचे जाळीदार दागिने ओतले, जुन्या गॉथिक शैलीच्या चर्चच्या कमानींच्या नक्षीचे. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईसाठी बायकांनी सोनं दिलं आणि बदल्यात लोखंड घातलं. ‘गॉथिक दागिना’ हा शब्द अक्षरशः लागू पडेल असा तो माल. जाळी इतकी नाजूक की आज तसं लोखंड ओतायचं म्हटलं तर मी हात जोडेन.

साच्यांच्या खोलीशी कायद्याचंही एक प्रकरण जोडलेलं आहे, ते मालकांना माहीत आहे का विचारा. ब्रिटनमध्ये कारखान्यात पन्नासहून जास्त नग काढलेल्या कलाकृतीचा कॉपीराइट पूर्वी पंचवीस वर्षांतच निष्प्रभ व्हायचा. ती तरतूद २८ जुलै २०१६ पासून रद्द झाली. कलाकृती ठरली तर आता कलाकाराचं आयुष्य अधिक सत्तर वर्षं. अंगठी ‘कलाकृती’ आहे का यावर कोर्टात वाद होऊ शकतो, सगळ्या डिझाइनना ते लागू होईलच असं नाही. पण १९८० च्या दशकातली तारीख-सहीची रेखाटनं, कोरीव मास्टर, कोणी कधी केलं याची नोंद हे सगळं आता पुरावा झालंय. बाहेरच्या कलाकाराकडून डिझाइन करून घेतलं असेल तर लेखी करार नसताना कॉपीराइट त्याचाच राहतो. ऑनलाइन बाजारात चार पौंडांना तुमच्या कवटीची नक्कल दिसते तेव्हा वकील पहिल्यांदा हेच कागद मागतो. नवीन डिझाइन मात्र सरळ नोंदवावं. दर पाच वर्षांनी नूतनीकरण केलं तर पंचवीस वर्षं संरक्षण मिळतं.

आता काळ्या रंगाबद्दल, कारण आशियातून माल करून घेण्याची योजना इथेच आपटते. गॉथिक नगाचा निम्मा जीव फिनिशमध्ये असतो. ओतून, छाटून, घासून झालं की अख्खा नग रसायनाने काळा करतात आणि मग उंच भाग तेवढे पुन्हा उजळतात. डोळ्यांच्या खोबणीत किती काळं ठेवायचं, गालाच्या हाडावर ते कुठे विरलं पाहिजे, हे लिहून देता येत नाही. आपल्या तुळशीबागेतल्या ऑक्सिडाइज्ड झुमक्यांची तीच कला, फक्त तिथे उजेड जास्त आणि इथे सावली जास्त.

सीप्झमध्ये असताना इंग्लंडहून कवटीच्या अंगठ्यांची एक ऑर्डर आली होती, चांदीतली, दोनशेच्या आसपास नग. आमचा पॉलिशवाला भला माणूस, पंचवीस वर्षं लग्नाचे दागिने चमकवलेला. काळं म्हणजे मळ, ही त्याची पक्की शिकवण. त्याने सगळ्या खोबण्या ब्रश घालून लख्ख केल्या. कवट्या अशा दिसत होत्या की जणू सगळ्या नुकत्याच दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आल्यात. पूर्ण माल परत काळा करावा लागला आणि दोन आठवडे गेले. चूक त्याची नव्हती. आमच्यापैकी कोणीच त्याला नमुन्याचा नग समोर ठेवून ‘इथे थांब’ असं सांगितलं नव्हतं. आशियात माल होत नाही असं माझं म्हणणं नाही, उत्तम होतो. पण ज्याने ती कवटी कधी गळ्यात घातली नाही त्याच्यासमोर नमुना ठेवून, महिनाभर शेजारी बसून शिकवायची तयारी हवी. ती नसेल तर स्वस्त जस्ताच्या मिश्रधातूतला, वर निकेलचा मुलामा दिलेला माल येतो आणि ‘मेड इन इंग्लंड’ म्हणून जे चाळीस वर्षं विकलं ते विकायला उरत नाही. बक्कल, साखळ्या, डब्या बाहेरून घ्याव्यात. मुख्य नग घरात ओतावा.

चांदीच्या योजनेला माझा विरोध नाही, पण मालकांनी हिशेब मांडलाय का? चांदी प्यूटरपेक्षा साधारण एक पूर्णांक चार पट जड. प्यूटरमध्ये २० ग्रॅमची अंगठी ९२५ चांदीत २८ ग्रॅमच्या पुढे जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने औंसाला ५० डॉलर ओलांडले. त्या भावाने नुसत्या धातूचे चाळीस डॉलरच्या वर झाले. प्यूटरमध्ये त्याच नगाला धातू डॉलर-दीड डॉलरचा. शिवाय ब्रिटनमध्ये ७.७८ ग्रॅमहून जड चांदीच्या नगावर हॉलमार्क सक्तीचा, म्हणजे लंडन, बर्मिंगहॅम, शेफील्ड किंवा एडिनबरोच्या अ‍ॅसे ऑफिसची, म्हणजे धातूची शुद्धता तपासून शिक्का मारणाऱ्या कचेरीची, फेरी. लंडनची ग्रेट फ्रॉग १९७२ पासून चांदीच्या कवट्या विकते आणि छान विकते, पण तिचं गिऱ्हाईक वेगळं. तुमच्या स्टुडिओचं गिऱ्हाईक सतरा वर्षांचं असताना खाऊच्या पैशांतून पहिलं वटवाघूळ घेतं.

आणि एक ओतशाळेतली गोष्ट, जी हिशेबाच्या तक्त्यात येत नाही. प्यूटर आणि चांदी एका टेबलावर नांदत नाहीत. कानशीत अडकलेला प्यूटरचा कण चांदीच्या नगाला चिकटला आणि तो नग झाळायला ज्योतीखाली धरला, की कथील चांदीत शिरतं आणि खड्डा पाडतं. नग बाद. त्यामुळे वेगळ्या कानशी, वेगळे ब्रश, वेगळं टेबल, जमलं तर वेगळी खोली. मी असतो तर जुन्यांपैकी दहा-बारा गाजलेली डिझाइनं निवडली असती, ऑर्डर आल्यावरच ती बर्मिंगहॅमच्या एखाद्या ओतणाऱ्याकडून चांदीत करून घेतली असती आणि प्यूटरच्या खोलीला हात लावला नसता.

थ्रीडी प्रिंटिंगबद्दल तुम्ही उत्साहाने लिहिलंय, वय बघता ते साहजिक आहे. मीही वापरतो. मात्र रेझिनचा, म्हणजे प्रिंटरमध्ये घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवाचा, साधा प्रिंट थेट भाजायच्या रबरात घातला तर उष्णता आणि दाब यांनी तो वाकतो किंवा फुटतो. साच्यात जळून जाणाऱ्या, ओतकामाच्या खास रेझिनमध्ये प्रिंट काढायचा, त्याच्यावरून पितळेचा नग ओतायचा, थरांच्या रेघा हाताने घासायच्या आणि मग तो मास्टर. म्हणजे हात सुटत नाहीच. दुसरी अडचण नजरेची. संगणकात अर्धी कवटी घडवून मिरर दाबलं की दुसरी अर्धी आपोआप येते, आणि ती मेलेली दिसते. म्हणजे वाईट अर्थाने मेलेली. हाताने कोरलेल्या जुन्या कवट्यांचा एक डोळा किंचित खाली असतो, जबडा एका बाजूला झुकलेला, म्हणून त्या बघतात असं वाटतं. स्कॅन करून जुनं जपायला आणि मोठ्या नगांचे आकार ठरवायला संगणक घ्या, चेहरा शेवटी मेणात हाताने बिघडवा.

घरसजावट ठीक आहे. कवटीचे पेले, मेणबत्तीचे स्टँड, आरसे खपतात आणि त्यांत अंगठीमापाची कटकट नसते. यावर मला जास्त बोलण्यासारखं काही नाही.

युरोपची विक्री मालकांना वाटते तशी जाहिरातीने परत येणार नाही, ती कागदांमुळे गेली आहे. ब्रिटन २०२१ च्या सुरुवातीला युरोपच्या बाजारातून पूर्णपणे बाहेर पडला. त्याच वर्षी १ जुलैपासून २२ युरोंपर्यंतच्या पार्सलची व्हॅटमाफी गेली. त्यानंतर १३ डिसेंबर २०२४ पासून युरोपीय संघाचा उत्पादन-सुरक्षेचा नवा नियम आला: संघात बसलेला जबाबदार प्रतिनिधी नसेल तर माल विकता येत नाही, आणि उत्तर आयर्लंडलाही तो लागू. अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची शुल्कमाफी सगळ्या देशांसाठी थांबवली. तीस पौंडांच्या लॉकेटवर पोस्टमन शुल्क मागायला लागला की गिऱ्हाईक पार्सल परत पाठवतं. यावर उपाय म्हणजे तिकडच्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याकडे ठोक माल पाठवणं आणि शुल्क, प्रतिनिधी, परतावा त्याच्याकडे सोपवणं. नफा कमी, झोप जास्त.

याच कागदांत धातूची मर्यादाही येते. दागिन्यात शिसं वजनाच्या ०.०५ टक्क्याच्या आत, कॅडमियम ०.०१ टक्क्याच्या आत, आणि कातडीला लागणाऱ्या भागातून निकेल आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमहून जास्त सुटता कामा नये. कान-नाक टोचण्याच्या दांड्यांना ही मर्यादा आणखी कडक. नवीन प्यूटर प्रमाणपत्रासह येतं, धोका जुन्या भंगारात असतो. तीस वर्षांपूर्वीचे न खपलेले नग कढईत टाकून वितळवायची सवय असेल तर त्यात शिसं नाही याची खात्री कोण देणार? जुना माल वेगळा ठेवावा आणि तपासून घ्यावा. खड्यांचंही तसंच. ऑस्ट्रियाच्या स्वारोव्स्कीने २०२० नंतर सुट्या क्रिस्टलची विक्री आवरती घेतली. ज्या डिझाइनच्या डोळ्यांत त्यांचा ठरावीक मापाचा लाल खडा बसायचा, त्यांच्या खोबणी आता दुसऱ्या खड्याला जमतात का ते एकेक करून बघावं लागतं.

सगळ्यात नाजूक प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, पण तुमच्या नोकरीचं आयुष्य त्यावर ठरेल: मालक दोघे निवृत्त झाले की स्टुडिओ कोणाचा? मोठ्या कंपनीला विकला तर ती नाव आणि डिझाइन घेईल आणि ओतशाळा बहुधा बंद करेल. मुलांना नको असतो, तो अनुभव आपल्याकडच्या सराफांनाही आहे. २०१४ पासून ब्रिटनमध्ये कामगारांच्या ट्रस्टला कंपनी विकायची एक सोय आहे. मालकांना पैसे पुढच्या नफ्यातून हप्त्याने मिळतात. २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यावरची करसवलत कमी झाली, तरी छोट्या कारागिरी धंद्याला मला ती अजून योग्य वाटते. अर्थात नफा करणारे हात तिथे शिकून तयार असतील तरच. पगारापेक्षा आधी हे विचारा की काळं करणाऱ्या आणि साचे कापणाऱ्या माणसाचं वय काय आणि त्याच्या हाताखाली कोण आहे. कोणीच नसेल आणि ते तुम्हाला डिझाइनर म्हणून घेत असतील, तर सांगा की पहिलं वर्ष आठवड्यातले दोन दिवस मी ओतशाळेत बसेन. यावर ते खूश झाले तर नोकरी धरा. ‘तुमचं काम संगणकावर आहे’ असं म्हणाले तर मी दोनदा विचार करेन.

आणि दुसऱ्या मुलाखतीला गेलात की एकच विनंती करा. आजही विकलं जाणारं त्यांचं सर्वात जुनं डिझाइन कोणतं ते विचारा आणि त्याचा मास्टर बघायला मागा. तो हातात यायला किती वेळ लागला ते मला कळवा.